स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा, इंजिनियर साहेब

मार्चमधला रविवार होता. संध्याकाळी धर्माबादहून आईचा फोन आला. "अरे, ते मायक्रोवेव्ह गरमच व्हईना गेलंय बघ. लाइट लागायलाय, ताट फिरायलंय, आवाज बी यायलाय, पण दूध जसंच्या तसं गार."

मी पुण्यात, हिंजवडीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. हा ओव्हन मीच घेतला होता, नोकरीच्या पहिल्या बोनसमधून. आमच्याकडे तो पॉपकॉर्नसाठी नाही. आजीचे हात थरथरतात. दुपारी आई शाळेत, बाबा आडत दुकानात मिरचीच्या हिशेबाला, भाऊ कॉलेजात. गॅस पेटवायची आजीला मनाई आहे. एक बटण दाबून तिला स्वतःचं दूध स्वतः गरम करता येतं, कुणाची वाट बघावी लागत नाही, म्हणून तो ओव्हन. तो बंद पडला की आजीची दुपार दुसऱ्याच्या हातात जाते.

मी ई अँड टीसीचा. शेवटच्या वर्षाला मायक्रोवेव्हचा आख्खा पेपर होता. त्यामुळे मी एकदम साहेबी आवाजात भावाला म्हणालो, "व्हिडिओ कॉल लाव. प्लग काढ. मागचे स्क्रू खोल." भाऊ बारावीत आहे, त्याचा माझ्यावर विश्वास आहे. त्याने चार स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण सरकवलं. मी मधल्या दहा मिनिटांत दीडपट वेगाने एक व्हिडिओ बघून घेतला होता. त्या जोरावर सांगितलं, "आत एक चपटा चांदीच्या रंगाचा डबा दिसेल, तो कपॅसिटर. आता स्क्रू ड्रायव्हर घे आणि..."

तेवढ्यात स्क्रीन हलली आणि एक वेगळाच चेहरा दिसला. आमच्या गल्लीच्या टोकाला दुकान असलेले मेकॅनिक काका. कूलरची मोटार बसवायला आले होते, शेजारच्या खोलीत होते. त्यांनी भावाच्या हातातून फोन घेतला.

"स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायला लावा त्याला, इंजिनियर साहेब. भाऊ जड झालाय का तुम्हाला?"

मी म्हणालो, काका, प्लग काढलाय की.

"प्लग काढलाय, पण कंडेन्सर भरलेला आहे ना. आजवर दहा ठिकाणी झटके खाल्लेला माणूस आहे मी. पण हे उघडायचं म्हटलं तर दुकानातल्या पोराला आधी बाहेर काढतो. आन् तुम्ही हे फोनवरून करायलाव?"

भाऊ अनवाणी उभा होता. फरशी नुकतीच पुसलेली होती. कॉलमध्ये मला ते दिसत होतं, म्हणजे दिसायला हवं होतं.

तेव्हापासून मला काही लोकांचा फार राग यायला लागलाय आणि त्यांत पहिला नंबर माझा आहे.

आत नेमकं काय आहे, ते आधी सांगतो. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट आतल्या जड ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन हजारांच्या वर चढतात. मग एक डायोड आणि तो कपॅसिटर मिळून ते आणखी वाढवतात, आणि मॅग्नेट्रॉन नावाची नळी त्यातून २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी काढते. (तुमचं वायफाय याच पट्ट्याच्या आसपास बोलतं. ओव्हन चालू असताना व्हिडिओ अडकतो तो म्हणून.) प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दोन-अडीच हजार व्होल्ट बसून राहू शकतात. तो हळूहळू रिकामा व्हावा म्हणून त्याच्या आत एक रेझिस्टर असतो. तो रेझिस्टर जळलेला असेल तर बाहेरून कळायला काही मार्ग नाही. "दहा मिनिटं थांबा आणि मग हात घाला" हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे, कारण तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

आणि ओव्हन चालू ठेवून आत मीटर लावणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. घरात ईएलसीबी बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो भिंतीकडून येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या करंटमधला फरक बघतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तुम्ही चिकटलात तर त्याला त्याचा पत्ताच लागत नाही. टीव्ही, मिक्सर, लॅपटॉप हे सगळं उघडून मोठी झालेली आमची पिढी. "होऊन होऊन काय होईल, जळेल फार तर" हा आमचा अनुभव. घरातल्या बाकी वस्तूंना तो बराचसा लागू पडतो. इथे पडत नाही.

आता कुणी म्हणेल, मग कंपन्या बरोबरच सांगतात, हात लावू नका. थांबा. "हात लावू नका" हे वाक्य मला तितकंच खोटं वाटतं. ओव्हन तापत नाही याची निम्मी कारणं झाकणाच्या बाहेर असू शकतात. ती तपासायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. पण हेल्पलाइनवरच्या मुलीला ती सांगायची परवानगी नसते. तिला तक्रार नोंदवून व्हिजिट चार्ज सांगायचा असतो.

मेकॅनिक काकांनी त्या संध्याकाळी आधी झाकण परत बसवलं, चारही स्क्रू आवळले आणि मग तपासायला सुरुवात केली. हा क्रम मला आयुष्यभर लक्षात राहील. त्यांचा पहिला प्रश्न आईला होता, "ताई, कुठल्या बटणावर लावायलाव?" कारण कन्व्हेक्शनच्या ओव्हनमध्ये ग्रिल वेगळं, कन्व्हेक्शन वेगळं, मायक्रो वेगळं. नातवंडांनी बटणं दाबून काहीतरी भलतंच लावलेलं असतं. पॉवर अगदी खालच्या पायरीवर ठेवलेली असते. काही मॉडेलांमध्ये दुकानात दाखवण्यासाठी डेमो मोड असतो, त्यात सगळं चालल्यासारखं दिसतं आणि तापत काहीच नाही. त्यासाठी माहितीपुस्तिका उघडायची, ओव्हन नाही.

मग त्यांनी प्लग बघितला. ओव्हन एक्स्टेंशन बोर्डावर होता, त्याच बोर्डावर मिक्सर आणि चार्जर. त्यांनी तो काढून भिंतीतल्या पॉवरच्या सॉकेटला लावायला सांगितलं. मग मीटरने दाब मोजला. आमच्याकडे मार्च लागला की संध्याकाळी घराघरात कूलर सुरू होतात आणि बल्ब पिवळे पडतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनचं असं असतं की दाब फार घसरला की दिवा लागतो, ताट फिरतं, पण तापवण्याची ताकद कितीतरी जास्त घसरते. म्हणून संध्याकाळी न तापणारा ओव्हन पहाटे एकदा लावून बघायचा. मीटर नसला तरी हे जमतं.

त्यानंतर पाणी. ओव्हनमध्ये चालणाऱ्या कपात पाव लिटर साधं पाणी, मायक्रो मोड, पूर्ण पॉवर, एक मिनिट. इथे मात्र माझ्या डिग्रीचा थोडा उपयोग झाला. ८०० वॅटचा ओव्हन मिनिटाला ४८,००० ज्यूल देतो. पाव लिटर पाणी एक अंशाने तापायला साधारण १,०४५ ज्यूल लागतात. म्हणजे हिशेबाने पाणी ४५ अंशांनी तापलं पाहिजे. कप तापतो, थोडी उष्णता इकडेतिकडे जाते, तरी ३०-४० अंशांचा फरक बोट न बुडवताही कळतो, कपच गरम लागतो. आमचं पाणी एक अंशानेही तापलं नाही. म्हणजे ताकद कमी पडत नव्हती, मुळात लहरीच तयार होत नव्हत्या. रिकामा ओव्हन चालवून बघू नका, आत शोषायला काही नसलं की सगळी शक्ती मॅग्नेट्रॉनवर उलटते.

शेवटी दार. प्लग काढून, दाराच्या आकड्यांत आणि चौकटीतल्या खाचांत काही अडकलंय का ते पाहायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, दार सरळ बसतंय का, बिजागरी सैल आहे का, जाळीला चीर आहे का ते बघायचं. आमच्या खाचेत दुधाचा वाळलेला थर होता. तो काढला तरी फरक पडला नाही.

आणि काही गोष्टी दिसल्या तर एवढंही करायचं नाही. आत ठिणग्या उडाल्या, जळका वास आला, नेहमीपेक्षा जाड गुणगुण ऐकू आली, दार वाकलेलं असलं, किंवा दार उघडल्यावरही ओव्हन चालू राहिला, तर प्लग काढायचा आणि संपलं. तो ओव्हन "तेवढं आजचं दूध गरम करू" म्हणूनही वापरायचा नाही.

बाहेरची तपासणी एवढीच. वीस मिनिटं लागली. तिची हद्द झाकणाच्या पहिल्या स्क्रूपाशी संपते. ही हद्द धोक्याने आखलेली आहे. कंपनीने आखलेली हद्द वॉरंटीच्या स्टिकरवर असते. दोन्ही योगायोगाने त्याच पत्र्यावर येतात, म्हणून आपली गल्लत होते. आपण स्टिकरला घाबरत नाही, आणि स्टिकर फाडताना त्यामागचा खरा धोकाही फाडून टाकतो.

व्हिडिओवाल्यांवर माझा राग आहे तो याच ठिकाणी. "५० रुपयांत मायक्रोवेव्ह दुरुस्त" अशा थंबनेलमागे कितीदा काय असतं, बघा. फ्यूज उडालाय? जाड तार जोडा. दाराचा स्विच गेलाय? दोन वायरी एकत्र पिळा. चालला की नाही ओव्हन? चालला! लाइक करा.

दारामागे एक नाही, साधारणपणे तीन स्विच असतात. दोन स्विच दार उघडताच वीज तोडतात. तिसऱ्याचं काम विलक्षण आहे. पहिले दोन चिकटून बसले आणि दार उघडलं, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. उघड्या दारातून लहरी बाहेर येण्यापेक्षा ओव्हन मेलेला बरा, असा विचार करून कुणीतरी हे बनवलंय. तुम्ही फ्यूजच्या जागी तार जोडता तेव्हा त्या माणसाचा सगळा विचार पुसून टाकता. आणि स्विच पिळून ठेवलात तर दार उघडं असतानाही ओव्हन चालू शकतो. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली उष्णता वाहून न्यायला काही नसतं. आमच्याकडे त्या दारापुढे आजी उभी असते.

हे सगळं घडत नाही असं वाटत असेल तर २०२२ मधली गोष्ट ऐका. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून त्याने लाकडावर विजेची नक्षी जाळायची टूम तेव्हा जोरात होती. या प्रकारात तीसहून जास्त माणसं मेल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या लाकूड-कातारींच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली आहे. ऑस्ट्रेलियातली अन्नशास्त्रज्ञ आणि यूट्यूबर ॲन रीअर्डन हिने "हे करू नका, माणसं मरतायत" असा व्हिडिओ केला. यूट्यूबने काढून टाकला कुठला? तिचा. धोकादायक कृती दाखवल्याबद्दल. कृती शिकवणारे व्हिडिओ मात्र तिथेच होते. आरडाओरड झाल्यावर तिचा व्हिडिओ परत आला. मी स्वतः रेकमेंडेशनच्या कोडवर काम केलंय, त्यामुळे मला यात कटकारस्थान दिसत नाही. मशीनला "मरेल" आणि "मारेल" यातला फरक कळत नाही, एवढंच. पण मी भावाला सांगितलं ते त्याच मशीनने मला वाढलेलं होतं.

याच कारणाने कपॅसिटर रिकामा करायची रीत मी इथे लिहिणार नाही. ती गुपित नाही. पण ती हातांनी, समोर उभं राहून, योग्य हत्यारानिशी शिकायची गोष्ट आहे. परिच्छेद वाचून आलेला आत्मविश्वास किती भारी असतो ते मी पाहिलंय.

माझ्या डिग्रीबद्दलही बोलायला हवं. मॅग्नेट्रॉनचं हल कट-ऑफ समीकरण मला आजही पाठ आहे. व्हायव्हाला विचारलं होतं, मी उत्तर दिलं, सर खूश झाले. चार वर्षांत मी एकदाही मॅग्नेट्रॉन हातात घेतला नाही. लॅबमध्ये कपाटाच्या काचेमागे एक होता. ओव्हनमध्ये फ्यूज कुठे असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. मग कॅम्पस आलं, सॉफ्टवेअर आलं. सॉफ्टवेअरने मला एक घाणेरडी सवय लावली. चालवून बघ, पडलं तर रीस्टार्ट. आमच्याकडे चूक झाली की रोलबॅक होतो. भावाचा रोलबॅक होत नसतो.

मेकॅनिक काका धर्माबादच्या आयटीआयचे. हो, तोच आयटीआय, जिथे २०१० च्या जुलैत बाभळी बंधाऱ्याच्या आंदोलनात चंद्राबाबू नायडूंना ठेवलं होतं. आमच्या गावाचं नाव पेपरात येतं ते एक तर बाभळीमुळे, नाहीतर लाल मिरचीमुळे. आयटीआयमुळे कधी आलंच तर असं, कैदखाना म्हणून. काका मोटारी बांधतात, कूलर, मिक्सर, पंप सगळं करतात. लग्नाच्या बाजारात माझी डिग्री त्यांच्या सर्टिफिकेटपेक्षा पन्नास पट महाग आहे. गंमत म्हणजे हा ओव्हन ज्याच्या डोक्यातून आला तो पर्सी स्पेन्सर शाळासुद्धा पूर्ण न केलेला माणूस होता. लहानपणापासून गिरणीत काम, वायरिंग बघून बघून शिकलेलं. १९४५ साली रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनशेजारी उभं असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, आणि तो घाबरून पळाला नाही. आपल्याकडे असता तर काकांच्या दुकानात मिक्सर दुरुस्त करत असता.

आता कंपनी. नाव घेत नाही, कारण ही एकाच कंपनीची खोड नाही. हेल्पलाइनला फोन केला. धर्माबादला माणूस नांदेडहून येईल, आठवडा लागेल, चार्ज अमुक. नवव्या दिवशी तो आला. झाकण उघडलं, दोन मिनिटं बघितलं, "मॅग्नेट्रॉन गेलाय" म्हणाला. सांगितलेली किंमत नव्या ओव्हनच्या अर्ध्याहून जास्त होती. वर सल्ला, "नवाच घ्या, एक्स्चेंज ऑफर चालू आहे." व्हिजिट चार्ज घेऊन गेला.

काकांनी मग ओव्हन दुकानात नेला, पोराला बाहेर काढलं आणि उघडला. मॅग्नेट्रॉन ठणठणीत होता. दारामागचा एक स्विच जळून काळा पडला होता. शंभर रुपयांच्या आतली वस्तू. आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून केली. आमच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नव्हतं, वायर मागे नुसती लोंबकळत होती. इतकी वर्षं आजी ज्या पत्र्याच्या डब्याला हात लावायची त्याला अर्थिंग नव्हतं, आणि दीड हजार कोटींच्या वगैरे कंपनीचा माणूस ते न बघता गेला. (आकडा माझा, रागातला.) काकांनी आधी ते केलं.

स्विचसाठी त्यांनी डीलरला फोन केला. उत्तर आलं, पार्ट फक्त ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला मिळतो. मग काका भंगारवाल्याकडे गेले, एका मेलेल्या ओव्हनमधून त्याच रेटिंगचा स्विच काढून आणला, मीटरवर पन्नास वेळा दाबून पाहिला आणि बसवला. ओव्हन चालू झाला. पाणी तापलं.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. जुगाड, देशी हुशारी, वगैरे. मला त्याचीही चीड आहे. ज्या स्विचवर आजीचे डोळे अवलंबून आहेत तो भंगारातून का यावा? दुरुस्तीनंतर दाराच्या फटीतून लहरी गळतात का हे मोजायचं असतं. पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅटपेक्षा जास्त नकोत, असा नियम आहे. त्यासाठी वेगळा मीटर लागतो. काकांकडे तो नाही, त्यांना कुणी त्याचं प्रशिक्षण दिलेलं नाही. त्यांनी दार, बिजागरी, जाळी डोळ्यांनी तपासली, कारण तेवढंच त्यांच्या हातात होतं. (ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून रिंग देऊन बघायची युक्ती फॉरवर्ड होत असते, तिचा काही उपयोग नाही. मोबाइलचे सिग्नल वेगळ्या पट्ट्यातले, ओव्हनचं दार दुसऱ्या पट्ट्यासाठी घडवलेलं.) मी नंतर तो मीटर मागवला, पुण्याहून घेऊन गेलो, आणि काकांबरोबर बसून मोजलं. आकडा नियमाच्या पुष्कळ खाली आला. तोपर्यंत आजीला आम्ही ओव्हन वापरू दिला नव्हता. तिने मला त्याबद्दल भरपूर ऐकवलं.

माझ्या वयाचे लोक हल्ली "राइट टू रिपेअर" जोरात म्हणतात. मीही टी-शर्ट घातलाय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत त्यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू किती दुरुस्त करता येतात याला गुण देण्याबद्दलचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. फ्रान्समध्ये असे गुण वस्तूवर छापणं २०२१ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे पोर्टलवर कंपन्यांचे दुवे आहेत. त्यांवर क्लिक केलं की बऱ्याचदा त्याच हेल्पलाइनचा नंबर येतो, जिच्यापासून आपण पळून आलो.

पण माझं भांडण आपल्या लोकांशीही आहे. आपण हा हक्क म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर आपणच असतो. माझी वस्तू, माझा स्क्रू ड्रायव्हर. मायक्रोवेव्हच्या बाबतीत हा हक्क मला नकोच आहे. मी तो वापरायला निघालो तेव्हा काय होणार होतं ते सांगून झालंय. हक्क हवाय तो काकांना. सर्किट डायग्राम हवा, नवा स्विच छापील किमतीत हवा, गळती मोजायचा मीटर आणि तो वापरायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण हवं. धर्माबादसारख्या तालुक्याच्या गावात कंपनीचा माणूस नवव्या दिवशी येतो, मेकॅनिक रोज असतो. "सुरक्षेसाठी" पार्ट त्याला विकायचा नाही म्हटलं की सुरक्षा वाढत नाही, पार्ट भंगारातून येतो.

यावर ऑफिसातला एक मित्र म्हणाला, डायग्राम उघडे केले तर तुझ्यासारखे आणखी शहाणे ओव्हन उघडतील. त्याच्या बोलण्यात दम आहे, मी दोन दिवस विचार केला. पण मी डायग्राम बघून ओव्हन उघडायला निघालोच नव्हतो. माझ्याकडे डायग्राम असता, त्यावर त्या कपॅसिटरशेजारी दोन हजार व्होल्ट लिहिलेले दिसले असते, तर कदाचित माझीच पाचावर धारण बसली असती. अर्धवट माहिती सगळीकडे फुकट आहे. पूर्ण माहिती तेवढी कुलपात आहे. आणि हो, कित्येक ओव्हनमध्ये तो डायग्राम झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. म्हणजे तो वाचण्यासाठी आधी धोक्यात हात घालायचा.

परवा गावी गेलो तेव्हा काकांच्या दुकानात बसलो होतो. पंप उघडून ठेवला होता, तांब्याच्या तारेचं भेंडोळं मांडीवर. म्हणाले, "इंजिनियर साहेब, तुम्ही सॉफ्टवेअरवाले. कंपनीच्या साइटवरून एक डायग्राम काढून द्या की आपल्याला. ह्या मॉडेलचे आणखी दोन आलेत दुकानात."

मी तिथेच लॅपटॉप उघडला. पार्टनर लॉगिन मागितलं. नोंदणी करू म्हटलं तर जीएसटी नंबर, शहरी भागातल्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि अमुक चौरस फुटांची जागा. काकांचं दुकान आठ बाय दहाचं. कंपनीला ईमेल लिहिला, काकांच्या वतीने, त्यांच्या सर्टिफिकेटचा फोटो जोडून. उत्तर आलंय. जवळच्या अधिकृत केंद्राशी संपर्क साधा, असं. खाली नांदेडचा नंबर.

ते दोन ओव्हन अजून दुकानातल्या फळीवर आहेत. काकांनी त्यांच्यावर खडूने लिहून ठेवलंय, "उघडू नये."